वामन गुंटलु : चिंचोक्यांचा इतिहास

मध्यंतरी हैदराबादला जाण्याचा योग आला. चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग संग्रहालय हे सगळे यथासांग पाहून झाले. पण मनात राहिला तो एका मराठी घरात दुपारच्या जेवणानंतर मांडलेला खेळ. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे त्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी मराठी घरे आहेत. अशाच एका घरातल्या आजींनी कपाटातून माशाच्या आकाराची लाकडी घडीची पेटी काढली. उघडली तर समोरासमोर दोन ओळी, प्रत्येक ओळीत सात खळगे, आणि सोबत डबाभर चिंचोके. "हे आम्ही शेजारच्या तेलुगू बायकांकडून उचललं," आजी म्हणाल्या, "वामन गुंटलु."

तेलुगूत गुंट म्हणजे खळगा, गुंटलु हे त्याचे अनेकवचन. खेळ दोघांचा. आपल्या बाजूचे सात खळगे आपले. किती चिंचोके घालायचे हे घरोघरी बदलते. आजींच्या घरी प्रत्येक खळग्यात चार, म्हणजे एकूण ५६. पाळी आली की आपल्या कुठल्याही एका खळग्यातले सगळे चिंचोके उचलायचे आणि उजवीकडच्या खळग्यापासून एकेक पेरत जायचे. आपली ओळ संपली की वळून समोरच्याच्या ओळीत शिरायचे. हातातले संपले की त्याच्या पुढच्या खळग्यातले उचलून पेरणी चालू ठेवायची. पुढचा खळगा रिकामा लागला तर त्यावरून बोट फिरवायचे आणि त्याच्याही पुढच्या खळग्यात जे असेल ते आपले. तिथे पाळी संपली. लागोपाठ दोन खळगे रिकामे लागले तर हात हलवत बसायचे.

घरी परत आल्यावर मी कागदावर मांडून पाहिले. चार-चार चिंचोक्यांनी सुरुवात केली, तर पहिली पाळी कुठल्याही खळग्यापासून खेळा, सहा चिंचोके मिळतात. पाच नाही, सात नाही. खरा खेळ सुरू होतो तो दुसऱ्या पाळीपासून, कारण आता खळगे सारखे राहिलेले नसतात.

सगळ्यात गंमत पुढच्या डावात. समजा, एकाकडे ३४ आले आणि दुसऱ्याकडे २२. पहिला आपले सातही खळगे भरतो आणि त्याच्या हाती सहा उरतात. दुसऱ्याचे पाचच खळगे भरतात, दोन उरतात. त्याचे दोन खळगे बंद. त्यांत कोणीच पेरायचे नाही. पुढे जिंकला तर ते पुन्हा उघडतात, हरत गेला तर एकेक खळगा मिटत जातो. एकही खळगा भरता येईना की खेळ संपला. पाऊलभर जागा मागत सगळेच घेऊन जाणारा वामन आणि देत देत निर्धन होणारा बळी, हे मला तिथे आठवल्याशिवाय राहिले नाही.

हा खेळ एकट्या हैदराबादचा नव्हे. आपल्या काणकोणहून खाली कर्नाटकात उतरले की तो कन्नडात अळगुळी मणे होतो, तुळूत चेन्ने मणे, तमिळनाडूत पल्लांगुळी. श्रीलंकेत त्याचे नाव ओलिंद केळिय. ओलिंद म्हणजे आपली गुंज. आफ्रिकेत तर त्याचे कितीतरी प्रकार. स्टुअर्ट क्युलिन या अमेरिकन अभ्यासकाने १८९४ साली त्याला आफ्रिकेचा राष्ट्रीय खेळच म्हटले. हैदराबादेत निजामाच्या आफ्रिकी घोडदळावरून नाव पडलेली ए.सी. गार्ड्स ही वस्ती आहे. तेव्हा खेळ तिथूनच आला असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते घोडदळ एकोणिसाव्या शतकातले आणि एका शहरापुरते. खेळ मात्र पार श्रीलंकेपर्यंत पसरलेला. हा धागा तेवढ्याने जुळत नाही.

दगडही फसवतात. हंपीच्या मंदिरांच्या फरशीवर खेळांचे पट कोरलेले आहेत. पण मंदिर जुने म्हणून पट तेवढाच जुना ठरत नाही. १५६५ साली विजयनगर पडल्यावरही त्या सावलीत गुराखी आणि वाटसरू बसतच होते, आणि छिन्नी कोणालाही मिळते.

बुद्धिबळाच्या नोंदी झाल्या, कारण ते दरबारात खेळले गेले आणि दरबारात लिहिणारे होते. वामन गुंटलु घरात बायकांनी खेळले. न्हाण आलेल्या मुलीचे बाजूला बसण्याचे दिवस, गरोदरपणातल्या लांबलचक दुपारी, अशा वेळी हाच खेळ सोबतीला असे. जमिनीत खळगे करून, चिंचोके घेऊन खेळावे आणि उठताना पायाने माती सारखी करावी. पुरावा राहणार कुठून? याचा इतिहास एका हातातून दुसऱ्या हातात गेला, तेवढाच.

मी वहीत नियम टिपू लागलो तेव्हा आजी हसल्या. "लिहून काय घेता? बसा, एक डाव खेळा. या घरात आता हे येणारी मी एकटीच उरलेय." मी दोन डाव खेळलो आणि दोन्ही हरलो. त्यांना मोजावे लागतच नव्हते. बोटांनाच हिशेब ठाऊक होता.

म्हणून वाचकांना एकच विनंती. यंदा चिंचा फोडाल तेव्हा ५६ चिंचोके बाजूला ठेवा. पाट नसला तरी अडत नाही. मिरामारच्या वाळूत १४ खळगे करायला किती वेळ लागतो?