फूजिवारा मिचिनागा

(९६६–३ जानेवारी १०२८). जपानच्या हेइआन काळातील (७९४–११८५) सर्वांत प्रभावी दरबारी उमराव. त्याचा पिता कानेइए हा राजपालक (सेश्शो) होता. तथापि मिचिताका व मिचिकाने या ज्येष्ठ बंधूंमुळे मिचिनागाला सत्तेची फारशी आशा नव्हती. ९९५ मध्ये सुमारे महिन्याच्या अंतराने हे दोघेही मरण पावले. मिचिताकाचा पुत्र कोरेचिका सत्तेचा दावेदार होता. परंतु सम्राट इचिजोची माता सेन्शी ही मिचिनागाची बहीण. तिने भावाची बाजू घेतली. पुढच्याच वर्षी निवृत्त सम्राट काझानवर बाण सोडल्याच्या प्रकरणात कोरेचिकाला राजधानी सोडावी लागली.

तत्कालीन उमराव समाजात मुले बहुधा मातेच्या माहेरी वाढत. त्यामुळे बालसम्राटावर पित्यापेक्षा मातामहाचाच प्रभाव अधिक पडे. फूजिवारांची सत्ता सैन्यावर नव्हे, तर या नात्यावर उभी होती. पत्नी रिन्शी (मिनामोतो घराण्यातील) हिच्यापासून झालेल्या चारही मुली मिचिनागाने राजघराण्यात दिल्या. थोरली शोशी इचिजोला दिली. त्याची आधीची सम्राज्ञी, मिचिताकाची कन्या तेइशी, हयात असतानाच १००० मध्ये शोशीलाही सम्राज्ञीपद देण्यात आले. एका सम्राटाच्या दोन सम्राज्ञी ही अपूर्वच गोष्ट होती. केन्शी सम्राट सान्जोला, इशी शोशीचाच पुत्र गो-इचिजो याला (म्हणजे मावशी भाच्याला) आणि किशी त्याचा धाकटा भाऊ, युवराज गो-सुझाकू, याला दिली. मुरासाकी शिकिबू ही प्रख्यात लेखिका शोशीच्याच सेवेत होती.

नेत्रविकाराने त्रस्त सान्जोला मिचिनागाने पदत्याग करावयास लावले (१०१६) व नातवाचा राजपालक होऊन वर्षभरातच ते पद पुत्र योरिमिचीला दिले. १०१८ मध्ये तीन बहिणी एकाच वेळी सम्राज्ञीपदांवर होत्या. त्या रात्रीच्या मेजवानीत मिचिनागाने म्हटलेली पूर्णचंद्रावरील कविता सानेसुके या टीकाकार उमरावाच्या रोजनिशीमुळे टिकली. मिचिनागाच्या स्वतःच्या रोजनिशीत केवळ कविता म्हटल्याचा उल्लेख आहे.

१०१९ मध्ये त्याने बौद्ध दीक्षा घेऊन होजोजी हे मंदिर उभारले. गो-रेइझेइला जन्म देऊन किशी १०२५ मध्ये व केन्शी १०२७ मध्ये वारली. त्यांचे मृत्यू त्याला पाहावे लागले. योरिमिचीच्या कन्यांना राजपुत्र झाला नाही. परिणामी १०६८ मध्ये गो-सान्जो गादीवर आला. त्याची माता फूजिवारा नव्हे, तर राजकन्या होती आणि त्याने या घराण्याचे वर्चस्व झुगारले. मात्र त्याची आजी व पणजी नव्हे, तर दोन्ही आज्या, शोशी व केन्शी, मिचिनागाच्याच कन्या होत्या.