बेरीज, वजाबाकी आणि औटकी

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) अंकगणिताच्या आठ मूळ क्रिया सांगितल्या आहेत: संकलित, व्यवकलित, गुणन, भागहार, वर्ग, वर्गमूळ, घन आणि घनमूळ. त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. तिथल्या १२०७च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची स्तुती संस्कृतात आहे. बाजारातून मठाला काय मिळावे, घाण्यामागे पळीभर तेल वगैरे, ते मात्र मराठीत कोरले आहे.

शास्त्राची भाषा एक आणि देण्याघेण्याची दुसरी, ही फारकत पुढे शब्दांतही उतरली. गुणन आणि भागहार यांचे गुणाकार, भागाकार झाले व ते टिकले. संकलित आणि व्यवकलित मात्र लोकांच्या तोंडी राहिले नाहीत. त्यांची जागा घेणारी ‘बेरीज’ फारसी दफ्तरातून आली. ‘वजाबाकी’ हा अरबी मुळाच्या दोन शब्दांचा जोड आहे: वजा म्हणजे कमी केलेले, बाकी म्हणजे उरलेले. सुलतानी अमलात वसुलाचे कागद फारसी वळणाने लिहिले जात, आणि वसुलात मुख्य काम जमा धरण्याचे व खर्च वजा करण्याचेच. पाढे मात्र पंतोजींच्या शाळेत पाठ होत. गुणाकाराचा शब्द बदलला नाही तो बहुधा त्यामुळेच. शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’ने कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी रक्कम, जमा, खर्च जागचे हलले नाहीत.

अपूर्णांकांची गोष्ट अधिक जुनी आणि अधिक मजेदार आहे. पाव म्हणजे पाद, चौथा हिस्सा. पाऊण म्हणजे पादोन, एकाला पाव कमी. सव्वा म्हणजे सपाद, पावासह. ‘साडे’ हे सार्ध, म्हणजे अर्ध्यासह. अडीच मात्र उलट्या बाजूने मोजलेले: अर्धतृतीय, म्हणजे दोन पुरे आणि तिसऱ्यातला अर्धा. तसेच अर्धचतुर्थ म्हणजे साडेतीन. त्याचे मराठीत ‘औट’ झाले. दीड, अडीच रुळल्याने ‘साडेएक’, ‘साडेदोन’ कोणी म्हणत नाही. औटाला मात्र साडेतीनाने हुसकावले. ते उरले आहे ‘औट घटकेचा राजा’ या प्रयोगात. २४ मिनिटांच्या घटकेने त्याचे राज्य ८४ मिनिटांचे.

निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे याच शब्दांवर उभे होते. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, मणाचे ४० शेर. सगळे चाराने भागले जाणारे. औटकी पाठ असली की साडेतीन रुपये भावाने सात शेरांचे साडेचोवीस रुपये कागद न घेता सांगता येत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले आणि या पाढ्यांचे काम संपले. पाव किलो, दीडशे, अडीच हजार हे शब्द तेवढे दशमानातही राहिले.

शालेय पुस्तकांची परिभाषा पुन्हा संस्कृताकडे वळली: अंश, छेद, दशांश, लघुतम साधारण विभाज्य. शेवटच्या लांबलचक नावाचा मुलांच्या तोंडी ‘लसावि’ झाला.

संख्यानामांचा वाद अगदी अलीकडचा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले गेले. मराठीत एकक आधी उच्चारला जातो आणि दशक आधी लिहिला जातो, त्यामुळे मुले गोंधळतात, असे त्यामागचे कारण होते. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी या बदलाचे समर्थन केले. वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात त्यावर टीकाही भरपूर झाली.