जुने घरगुती संगणक पुन्हा सुरू करताना : बिघाड कसा ओळखावा, मदत कोठे मिळवावी

धडगाव, प्रतिनिधी

माळ्यावर किंवा शाळेच्या अडगळीच्या खोलीत पडून राहिलेला जुना संगणक हाती लागला, की पहिली प्रतिक्रिया बहुधा सारखीच असते. धूळ झटकायची, वायर जोडायची आणि बटण दाबायचे. चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्राचा कायमचा अंत पुष्कळदा याच क्षणी होतो. बंद अवस्थेत शाबूत असलेल्या मेमरी चिप चुकीच्या विद्युतदाबामुळे क्षणार्धात निकामी होतात. त्यामुळे यंत्र सुरू करण्याची घाई न करता आधी काय तपासावे, कोणत्या लक्षणावरून कोणता बिघाड ओळखावा आणि मदत कोणाकडे मागावी, याची माहिती संग्राहकांना, शाळांना आणि वडिलांचा संगणक जपून ठेवलेल्या कुटुंबांना उपयोगी ठरेल.

महाराष्ट्रात आढळणारी यंत्रे

आपल्याकडे घरोघरी व शाळांतून आलेल्या या यंत्रांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार सिंक्लेअर कंपनीच्या झेडएक्स स्पेक्ट्रमचा. ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आलेला हा संगणक घरच्या दूरचित्रवाणी संचाला आणि साध्या टेपरेकॉर्डरला जोडून चालत असे. त्याची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती १९८४ मध्ये आली. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने डीबी स्पेक्ट्रम प्लस या नावाने तिची भारतीय आवृत्ती परवान्यानुसार तयार केली. मध्यमवर्गीय घरांत पोहोचलेल्या पहिल्या संगणकांपैकी तो एक होय.

दुसरा प्रकार बीबीसी मायक्रोचा. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' या नावाने शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प हाती घेतला. आरंभी सुमारे २५० शाळांची निवड झाली आणि पुढे राज्य सरकारांमार्फत सुमारे १२ हजार बीबीसी मायक्रो देशभरातील माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांत गेले. मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने या संगणकाची भारतीय आवृत्तीही काढली. शाळांच्या जडवस्तू नोंदवहीत आजही 'संगणक, १ नग' एवढ्याच नोंदीने उरलेले संच बहुधा याच प्रकारचे असतात.

तिसरा प्रकार परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या यंत्रांचा. त्यात १९८२ चा कमोडोर ६४ प्रमुख. अमेरिकेतून आलेल्या संचाचा पॉवर सप्लाय ११० ते १२० व्होल्टसाठी असतो. तो आपल्याकडील २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावणे म्हणजे यंत्र जाळणेच होय. शिवाय त्याचे चित्र एनटीएससी पद्धतीचे असल्याने ती पद्धत ओळखणारा टीव्ही लागतो.

बटण दाबण्यापूर्वी

संगणक उघडण्याआधी वीजजोडणी काढावी आणि आतील भागाचे सर्व बाजूंनी छायाचित्र घ्यावे. कोणती वायर कोठे होती, हे नंतर आठवत नाही. मुंग्यांची वारुळे, झुरळांची अंडी, उंदरांनी कुरतडलेल्या वायर या आपल्याकडील नेहमीच्या गोष्टी आहेत. मऊ ब्रशने त्या साफ कराव्यात. पावसाळ्यात दमट खोलीत राहिलेले यंत्र कोरड्या, हवेशीर जागी एक-दोन दिवस ठेवल्याशिवाय सुरू करू नये.

त्यानंतर बॅटरी शोधावी. १९८६ चा बीबीसी मास्टर, कमोडोर अमिगाची मेमरीवाढ आणि जुन्या ३८६ संगणकांचे मदरबोर्ड यांत घड्याळ चालू ठेवण्यासाठी बॅटरी असते. ती गळली, की तिच्यातील अल्कली तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. अशी बॅटरी प्रथम काढून टाकावी. डागावर पांढरे व्हिनेगर कापसाने लावून तो भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा व पूर्ण वाळू द्यावा.

सर्वांत महत्त्वाची तपासणी पॉवर सप्लायची. ती संगणकापासून वेगळी करून मल्टीमीटरने करावी.

स्पेक्ट्रमचा अॅडाप्टर ९ व्होल्टचा असतो, मात्र त्याच्या पिनचा मधला भाग ऋण आणि बाहेरचा भाग धन असतो. आज बाजारात मिळणारे बहुतेक अॅडाप्टर याच्या नेमके उलट असतात. व्होल्टेज जुळले म्हणून दुसराच अॅडाप्टर लावल्यास नुकसान ठरलेले. मूळ अॅडाप्टर भार नसताना १२ व्होल्टपेक्षाही अधिक दाखवतो. तो बिघाड नसून अनियंत्रित सप्लायचा गुणधर्म आहे.

कमोडोर ६४ च्या बाबतीत परिस्थिती वेगळी आहे. त्याचा सप्लाय ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी असे दोन दाब देतो. जुन्या सप्लायमधील रेग्युलेटर बिघडला, की ५ व्होल्टच्या जागी अधिक दाब जातो आणि मेमरी चिप मरतात. हा दाब ५.२ व्होल्टच्या वर दिसल्यास तो सप्लाय वापरू नये. रेझिनमध्ये बंद केलेला हा ठोकळा दुरुस्त करण्यापेक्षा बदलणे श्रेयस्कर.

बीबीसी मायक्रोचा सप्लाय यंत्राच्या आतच असतो. त्यातील वीजप्रवाह गाळणारे कपॅसिटर कालांतराने तडकतात, आत ओलावा शिरतो आणि सुरू केल्यावर काही मिनिटांत उग्र वासाचा दाट धूर निघतो. त्यांच्या जागी एक्स-२ वर्गाचे, २७५ व्होल्ट एसीचेच कपॅसिटर बसवावेत. साधे कपॅसिटर येथे धोकादायक आहेत. या भागात २३० व्होल्टचा प्रवाह असतो आणि वीज काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ साठून राहतो. त्यामुळे हे काम अनुभवी मेकॅनिककडूनच करून घ्यावे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरचे मागील झाकण तर घरी उघडूच नये.

लक्षणांवरून निदान

स्पेक्ट्रम सुरू केल्यावर पडदा क्षणभर काळा होतो, नंतर पांढरा होतो आणि तळाशी १९८२ सालची कंपनीची ओळ उमटते. हे झाले तर यंत्र बव्हंशी ठीक आहे असे समजावे.

पडदा काळाच राहिला किंवा त्यावर उभे पट्टे दिसले : आतील विद्युतदाब तपासावा. मूळ मंडळावरील ४११६ या मेमरी चिपना धन ५, धन १२ आणि ऋण ५ असे तीन दाब लागतात. चिपच्या १ क्रमांकाच्या पायावर ऋण ५, ८ क्रमांकावर धन १२, ९ क्रमांकावर धन ५ आणि १६ क्रमांकावर अर्थ, असा क्रम आहे. यातील धन १२ व ऋण ५ व्होल्ट तयार करणाऱ्या मंडलातील टीआर-४ हा ट्रान्झिस्टर सर्वाधिक वेळा जळतो. यंत्र चालू असताना मागील कनेक्टरला जॉयस्टिक किंवा अन्य जोड लावणे, हे त्यामागील नेहमीचे कारण. ऋण ५ व्होल्ट नसताना यंत्र चालू ठेवल्यास मेमरी चिपही जातात. म्हणून दाब दुरुस्त होईपर्यंत पुन्हा पुन्हा बटण दाबून पाहू नये.

ओळ उमटते, पण काही कळा चालत नाहीत : दोष संगणकात नसून की-बोर्डाखालील प्लास्टिकच्या मेम्ब्रेनमध्ये असतो. तिच्या पट्ट्या कालांतराने ठिसूळ होऊन कनेक्टरपाशी तुटतात. चिकटपट्टीचा उपयोग होत नाही, मात्र नव्याने तयार केलेल्या मेम्ब्रेन आज विकत मिळतात.

बीबीसी मायक्रो सुरू होताना आधी खालच्या आणि मग वरच्या पट्टीतील, असे दोन स्वर ऐकू येतात. त्याऐवजी एकच स्वर अखंड चालू राहिला, तर यंत्र सुरुवातीच्या टप्प्यातच अडकले आहे. यातील अनेक चिप सॉकेटमध्ये बसवलेल्या असतात व त्यांचे पाय गंजून संपर्क तुटतो. वीज बंद करून प्रत्येक चिप अलगद उचलून पुन्हा दाबून बसवली, तरी अनेक संच सुरू होतात.

स्वर बरोबर येतात, पण चित्र दिसत नाही : अशा वेळी दोष टीव्हीच्या जुळणीत असू शकतो. स्पेक्ट्रम अँटेनाच्या सॉकेटमधून यूएचएफच्या ३६ क्रमांकाच्या वाहिनीवर चित्र पाठवतो. नव्या टीव्हीवर ती वाहिनी हाताने शोधावी लागते. टीव्हीत अॅनालॉग ट्यूनर नसेल, तर व्हिडिओ सिग्नल थेट पिवळ्या पिनच्या जोडणीतून घेण्याचा छोटा बदल मेकॅनिक सहज करू शकतो.

कॅसेट आणि फ्लॉपी आधी वाचवा

यंत्राचे सुटे भाग मिळतील, पण कॅसेटवरील वडिलांनी लिहिलेला प्रोग्रॅम किंवा शाळेने तयार केलेला पाठ दुसरीकडे कोठेही नसतो. त्यामुळे दुरुस्तीच्या आधी साठवलेल्या मजकुराची प्रत करणे हिताचे.

कॅसेटवर पांढरी बुरशी असेल, तर ती टेपरेकॉर्डरमध्ये घालू नये. बुरशी हेडला चिकटून पुढच्या कॅसेटही खराब करते. स्वच्छ कॅसेट चांगल्या डेकवर वाजवून तिचा आवाज आजच्या संगणकावर वेव्ह फाइलच्या रूपात जतन करावा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. आवाज घोगरा येत असल्यास हेडशेजारील स्क्रू किंचित फिरवून तो सर्वांत तीक्ष्ण येईल अशी जुळणी करावी. ही फाइल एम्युलेटर या नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालते का, ते तपासावे. मूळ यंत्र सुरू झाले नाही तरी मजकूर हाती राहतो. फ्लॉपीसाठी ग्रीझवीझलसारखी छोटी उपकरणे मिळतात. ती चकतीवरील चुंबकीय नोंदी जशाच्या तशा उतरवून घेतात.

नव्वदच्या दशकातील फ्लॉपीवरील मराठी मजकुराची अडचण निराळी आहे. तो युनिकोडमध्ये नसतो. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानातील मजकूर इस्की संकेतप्रणालीत, तर खासगी कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधील मजकूर त्या त्या फॉन्टच्या संकेतात असतो. फाइल उघडल्यावर निरर्थक अक्षरे दिसली, तर ती खराब झाली असे समजून पुसू नये. मूळ फॉन्ट किंवा सॉफ्टवेअरचे नाव कळल्यास रूपांतर करता येते.

धडगावसारख्या ठिकाणी मदत कशी मिळणार?

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्ली येथे इलेक्ट्रॉनिक सुटे भाग मिळतात. परंतु सातपुड्याच्या कुशीतील अक्राणी तालुक्याचे मुख्यालय असलेल्या धडगावात जुना संच हाती आला, तर काय करावे? रेल्वे स्थानकासाठी नंदुरबार गाठावे लागते आणि तेथवरचा रस्ता घाटाचा. अशा प्रवासात जड संच पाठवून तो 'काही निघत नाही' या शेऱ्यासह परत आणणे परवडणारे नाही.

उपाय असा, की यंत्र न पाठवता निदान पाठवावे आणि पार्सलने केवळ सुटा भाग मागवावा. त्यासाठी लागणारे कौशल्य तालुक्याच्या बाजारपेठांत आजही आढळते. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या मेकॅनिकला संगणकाची माहिती नसेल, पण मल्टीमीटरने दाब मोजणे, डाग देणे आणि कपॅसिटर बदलणे हे त्याचे रोजचे काम आहे. स्पेक्ट्रममधील ७८०५ हा रेग्युलेटर त्याच्या परिचयाचा असतो. शंकास्पद ट्रान्सफॉर्मर किंवा अॅडाप्टर थेट विजेला न जोडता बल्बच्या सिरीज बोर्डवर आधी लावून पाहण्याची या मंडळींची पद्धतही उपयुक्त आहे. बल्ब पूर्ण उजेडात पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. त्यांच्या हाती सर्किटचा नकाशा छापून दिला, की निम्मे काम होते. स्पेक्ट्रमची १९८४ ची आणि बीबीसी मायक्रोची १९८५ ची सर्व्हिस मॅन्युअल इंटरनेटवर उपलब्ध आहेत.

दूरच्या जाणकाराला प्रश्न विचारताना पुढील माहिती द्यावी : यंत्राचे नाव आणि मंडळावर छापलेला इश्यू क्रमांक, सुरू केल्यावर दिसणारे चित्र आणि ऐकू येणारा आवाज, कोणत्या पायावर किती व्होल्ट मिळाले, आधी कोणी काय बदलले, आणि मंडळाच्या दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे. 'संगणक चालत नाही' या वाक्याला कोणीही उत्तर देऊ शकत नाही. 'धन १२ च्या जागी ४ व्होल्ट आहेत' या वाक्याला उत्तर आहे.

वीजपुरवठा अनियमित असलेल्या भागात आणखी एक काळजी घ्यावी. या यंत्रांत मजकूर आपोआप साठवला जात नाही, क्षणभर वीज गेली तरी टंकलेले सारे जाते. इन्व्हर्टर वापरायचा झाल्यास साइन वेव्ह प्रकारचा वापरावा, कारण स्क्वेअर वेव्हवर जुन्या अॅडाप्टरमधील ट्रान्सफॉर्मर तापतात.

भंगारात देण्यापूर्वी

ई-कचऱ्याबाबतचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार निकामी इलेक्ट्रॉनिक वस्तू नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे जाणे अपेक्षित आहे. शाळांनी जुने संच निर्लेखित करण्यापूर्वी निदान तीन गोष्टी कराव्यात : कॅसेट व फ्लॉपी बाजूला काढाव्यात, माहितीपुस्तिका जपाव्यात आणि मंडळाचे छायाचित्र घ्यावे. पूर्ण निकामी यंत्रातील सॉकेटवरच्या चिप आणि कळा दुसऱ्या यंत्राला जीवदान देऊ शकतात. यातील कित्येक चिपचे उत्पादन केव्हाच थांबले आहे, त्यामुळे एका शाळेचे भंगार दुसऱ्या शाळेचा सुटा भाग ठरू शकतो. ज्यांना दुरुस्ती जमत नाही, त्यांनी यंत्र कोरड्या कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह खोक्यात ठेवावे आणि त्यावर 'तपासल्याशिवाय सुरू करू नये' असे लिहून ठेवावे.