नदीतील माशांची खानेसुमारी

बीड शहरानजीक पाली येथे बिंदुसरा नदीवर धरण आहे. ते होण्यापूर्वी या नदीत कोणकोणते मासे नांदत होते, असा प्रश्न कोणी केला, तर त्याचे उत्तर आज तेथील पाण्यात जाळे टाकून मिळावयाचे नाही. त्यासाठी धरणापूर्वीची लेखी नोंदच हवी. वाहते पाणी अडले म्हणजे पात्रातील गोटे गाळाखाली जातात आणि विणीसाठी प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या माशांची वाट बंद होते. मग मागील स्थितीचा भरवसा स्मृतीवर ठेवावा लागतो. आणि माशांच्या बाबतीत माणसाची स्मृती फार आखूड असते.

अशा जुन्या नोंदीचे भाग्य पुण्याच्या मुळा, मुठा व इंद्रायणी या नद्यांना लाभले. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यास मुंबई सरकारने १८२४ साली दख्खनची माहिती व आकडे गोळा करण्याच्या कामी नेमिले. पिके आणि माणसे मोजता मोजता या गृहस्थाने पक्षी टिपले, मासेही टिपले. दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने १८४१ साली सविस्तर प्रसिद्ध केला. त्यातील मौज अशी की, कित्येक माशांच्या शास्त्रीय नावांत त्याने येथील लोकांच्या तोंडची नावेच लॅटिन पंक्तीस बसविली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेला महाशीर त्यामुळे जगभर ‘खुद्री’ ठरला, आणि इंद्रायणीतील नाकावर उंचवटा असलेला मासा ‘नुक्ता’.

पुढे शंभर वर्षांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात फ्रेझर यांनी १९४२ साली व सूटर यांनी १९४४ साली पुण्याच्या माशांची यादी पुन्हा मांडली. पानशेतच्या प्रलयानंतर दोन वर्षांनी, १९६३ मध्ये, टोणपी व मुल्हेरकर यांनी तेच काम केले. २००३ मध्ये वाघ व घाटे यांनी मुळा-मुठेचे मासे पुन्हा तपासले. एकाच पाण्याची ही वारंवार झालेली झडती आपल्याकडे दुर्मीळच म्हटली पाहिजे.

तथापि याद्या शेजारी ठेवून वजाबाकी करणे इतके हे सोपे नाही. एखादा मासा नव्या यादीत नाही, म्हणून तो नदीतून नाहीसा झाला असे ठरत नाही. जाळ्याची आसे मोठी असतील, ऋतू निराळा असेल, किंवा जुन्या लेखकाने एकाच माशास दोन नावे दिली असतील. म्हणूनच तीच जागा, तोच हंगाम आणि तेच जाळे, असा दंडक वर्षानुवर्षे पाळावा लागतो. शिवाय माशांबरोबर पाण्याची उष्णता, त्यात विरघळलेला प्राणवायू व तळाचे स्वरूप टिपावे लागते. महाशीर पावसाळ्यात स्वच्छ, वाहत्या पाण्यात गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. तो तळच गेला, तर नदीत उरलेले थोराड मासे मोजून समाधान मानणे व्यर्थ होय.

पुनरुज्जीवनाच्या उद्योगाची कसोटी येथेच लागते. लोणावळ्यास, वळवण तलावाच्या काठी, टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतर महाशीराची कृत्रिम पैदास आरंभिली. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांचे त्यात मोठे श्रम होते. पिल्ले लाखांनी निपजली व दूरदूरच्या जलाशयांत पोहोचली. उद्योग स्तुत्य होता यात शंका नाही. पण पिल्ले सोडणे सोपे, सोडल्यावर वीस वर्षे नदीकडे पाहत राहणे कठीण. ती कावेरीतही सोडण्यात आली. तेथे कुबड असलेला, आकाराने प्रचंड असा दुसरा महाशीर मूळचाच होता. त्या जातीचा १२० पौंडांचा मासा १९४६ साली कबिनी नदीत गळास लागला होता. कावेरीकाठच्या गालिबोरे येथील गळ टाकणाऱ्या हौशी मंडळींनी १९९८ ते २०१२ पर्यंत प्रत्येक माशाची नोंद ठेविली होती. ती वही तपासताना संशोधकांस दिसून आले की, माशांची एकूण संख्या वाढली होती. पण वाढ होती ती बाहेरून आलेल्या दख्खनी महाशीराची, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर सालोसाल घटत गेला होता. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, आणि लागलीच त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली.