राष्ट्रीय चित्रपट-पारितोषिकांतील 'मराठी' : नांदेड-लातूरच्या दृष्टीने

पारितोषिक-समारंभांचा इतिहास लिहिताना बहुधा विजेत्यांची यादी दिली जाते आणि तीवरून कलेच्या उत्कर्षापकर्षाचे अनुमान काढले जाते. पारितोषिकांच्या शीर्षकांकडे अभ्यासकाचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः एखादी कृती कोणत्या नावाखाली गौरविली गेली ह्यावरून गौरव करणाऱ्या संस्थेने तिच्यात काय पाहिले हे कळते. आणि काय पाहिले नाही, हेही कळते. राष्ट्रीय चित्रपट-पारितोषिकांशी नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांचा जो संबंध आला, त्याची दोन उदाहरणे ह्या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहेत. मात्र त्यापूर्वी 'मराठी' ह्या शीर्षकाचा इतिहास पाहणे आवश्यक आहे.

ह्या पारितोषिकांचा पहिला समारंभ ऑक्टोबर १९५४ मध्ये झाला. १९५३ सालच्या चित्रपटांतून निवड होऊन राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे ह्यांच्या 'श्यामची आई' ह्या चित्रपटास मिळाले. बिमल रॉय ह्यांचा 'दो बिघा जमीन' त्या वर्षी गुणवत्ता-प्रमाणपत्राचा मानकरी ठरला. पुढील वर्षापासून भाषावार रौप्यपदके देण्यात येऊ लागली व मराठीचे पदक पुन्हा अत्रे ह्यांच्याच 'महात्मा फुले' ह्या चित्रपटास गेले. अशा रीतीने 'सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट' हे शीर्षक अस्तित्वात आले.

त्या वेळी नांदेड कोठे होते? हैदराबाद राज्यात. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता; स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. सप्टेंबर १९४८ पर्यंत ह्या प्रदेशाचा राज्यकारभार उर्दूत चालत असे, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे अध्यापनही उर्दूतूनच होते. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० मध्ये निघाले. तोपर्यंत उच्च शिक्षणासाठी येथील मराठी विद्यार्थ्यास घराबरोबरच आपली भाषाही मागे ठेवून जावे लागे. मराठी भाषक तेव्हा मुंबई, मध्यप्रदेश व हैदराबाद अशा तीन राज्यांत मुख्यत्वे विभागलेले होते. राज्यपुनर्रचना आयोगाची नेमणूक डिसेंबर १९५३ मध्ये झाली, त्याचा अहवाल सप्टेंबर १९५५ मध्ये आला, आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे राजकीय नकाशावर जे मराठी भाषक एकत्र आलेले नव्हते, ते चित्रपट-पदकांच्या यादीत एका शीर्षकाखाली आधीच आले होते. ह्यात शासनाचा काही राजकीय हेतू शोधण्याचे कारण नाही. बोलपट-व्यवसाय आपला प्रेक्षक भाषेनुसारच मोजीत आला होता, आणि यादी करणाऱ्यांनी ती मोजणी स्वीकारली, इतकेच. तथापि हैदराबाद राज्यात तीन भाषांपैकी एक म्हणून वावरणाऱ्या मराठीस ह्या यादीत पूर्ण भाषेचे स्थान होते, हे नमूद केले पाहिजे.

परंतु ह्या शीर्षकातील 'मराठी' कोणती? प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली व १९३३ मध्ये पुण्यास गेली. मराठी बोलपटाची भाषा घडली ती ह्या पट्ट्यात. शिष्ट पात्रे पुण्याची मराठी बोलत. पात्र खेड्यातले असले की त्याच्या तोंडी कोल्हापूर-सातारकडची बोली येई. हा संकेत इतका रूढ झाला की ग्रामीण मराठी म्हणजे हीच, असा समज महाराष्ट्रभर पसरला. नांदेड-लातूरकडील मनुष्य 'काय करायलास?' असे विचारतो, 'जाऊ लालो' असे उत्तर देतो. देगलूर-धर्माबादकडे तेलुगूचा, निलंगा-उदगीरकडे कन्नडचा आणि सर्वत्र दखनीचा शेजार ह्या बोलीस लाभला आहे. क्रियापदाची ही चालू-काळाची रूपे प्रेक्षकगृहात ऐकू येण्याचे प्रसंग थोडेच. ज्या मराठवाड्यात पैठणच्या एकनाथांनी मराठीत भागवत आणले, तेथील लोकांनी आपल्याच भाषेच्या बोलपटात दुसऱ्या जिल्ह्यांची बोली 'गावाकडची' म्हणून ऐकावी, ही स्थिती विचित्र खरी.

पारितोषिकांची नियमावली ह्या बाबतीत मूक नाही. तिचा आधार राज्यघटनेचे आठवे परिशिष्ट हा आहे: परिशिष्टातील प्रत्येक भाषेस एक शीर्षक, आणि परिशिष्टाबाहेरील भाषांसाठी वेगळी सोय. ह्या सोयीतून २०१९ सालच्या चित्रपटांमध्ये हरियाणवी व छत्तीसगढी ह्यांना स्वतंत्र पारितोषिके मिळाली. जनगणनेत ह्या दोन्ही हिंदीच्या पोटात मोजल्या जातात. म्हणजे जनगणना जिला बोली मानते, तिला समारंभात भाषा म्हणून उभे राहता येते. किनवट-माहूर भागातील तांड्यांवर बोलल्या जाणाऱ्या बंजारा भाषेचीही गणना हिंदीखालीच होते. मात्र त्यावरून मराठवाडी बोलीसाठी निराळे शीर्षक मागावे, असे म्हणणे उचित होणार नाही. तसे शीर्षक मागणे म्हणजे ही बोली मराठी नव्हे, अशी कबुली देणे होय. आणि १९५६ मध्ये जे मिळविले त्याच्याच ते विरुद्ध जाईल.

भाषेचा मान भाषेच्या शीर्षकाखालीच व्हावा, असेही नाही. आयर्लंडमध्ये आयरिश ही घटनेनुसार पहिली अधिकृत भाषा आहे; व्यवहार बहुतांशी इंग्रजीत चालतो. तेथील चित्रपट व दूरदर्शन ह्यांच्या राष्ट्रीय समारंभात मार्च २०२२ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे मुख्य पारितोषिक 'अन् कॅलीन क्यून' ह्या आयरिश भाषेतील चित्रपटास मिळाले. आपल्याकडेही 'श्यामची आई' नंतर सर्वोच्च पदक मराठीकडे परत येण्यास पन्नास वर्षे लागली. २००३ सालासाठी 'श्वास', २०११ साठी 'देऊळ', २०१४ साठी 'कोर्ट' आणि २०१६ साठी 'कासव' हे त्याचे मानकरी. 'देऊळ'बरोबर ते विभागून मिळाले 'ब्यारी' ह्या चित्रपटास, ज्याची भाषा आठव्या परिशिष्टात नाही.

आता नांदेड-लातूर. २०१३ सालच्या चित्रपटांपैकी 'यलो' ह्यास परीक्षक-मंडळाचे विशेष पारितोषिक मिळाले. लातूरच्या देशमुख घराण्यातील अभिनेते रितेश देशमुख हे त्याच्या निर्मात्यांपैकी एक होते. चित्रपटाचा विषय जलतरणपटू मुलीचा, वातावरण शहरी. लातूर येथे आले ते निर्मात्याच्या नावाने.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. आदिनाथ कोठारे दिग्दर्शित 'पाणी' हा चित्रपट नांदेड जिल्ह्यातील नागदरवाडी येथील हनुमंत केंद्रे ह्यांच्या जीवनावर आधारलेला आहे. गाव कोरडे, म्हणून तेथे मुलगी देण्यास कोणी तयार नाही. ह्या अडचणीतून तरुण नायक गावाच्या जलसंधारणास हात घालतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे लक्षात घेता ही कथा एका गावापुरती राहत नाही. २०१८ सालच्या चित्रपटांच्या निवडीत 'पाणी'स पारितोषिक मिळाले ते 'पर्यावरण-संरक्षण' ह्या शीर्षकाखाली; 'मराठी' ह्या शीर्षकाचा मान त्या वर्षी 'भोंगा'कडे गेला. निवडीच्या गुणदोषांचा येथे प्रश्न नाही. नांदेड राष्ट्रीय व्यासपीठावर आले ते तहान म्हणून, हे मात्र शीर्षकावरून स्पष्ट दिसते. कोरड्या विहिरीची दखल जितक्या सहज घेतली जाते, तितक्या सहज त्या विहिरीवरच्या बोलण्याची घेतली जात नाही. किंबहुना त्यासाठी रकानाच नाही.

समारंभाच्या रूपाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. प्रारंभापासून पदकाचे मोल राष्ट्रपतींच्या हस्ते होणाऱ्या प्रदानाशी निगडित राहिले. ३ मे २०१८ रोजी राष्ट्रपतींनी अकराच पारितोषिके दिली व उरलेली मंत्र्यांच्या हस्ते दिली जातील असे ठरले, तेव्हा पन्नासांहून अधिक विजेते अनुपस्थित राहिले. 'पाणी'चा समारंभ २३ डिसेंबर २०१९ रोजी झाला. त्यात पारितोषिके उपराष्ट्रपतींच्या हस्ते दिली गेली.

'मराठी' हे शीर्षक अद्याप टिकून आहे, आणि २०२३ सालासाठी ते नव्याने निघालेल्या 'श्यामची आई' ह्याच नावाच्या चित्रपटास मिळाले. 'पर्यावरण-संरक्षण' हे शीर्षक मात्र स्वतंत्र राहिले नाही. सत्तराव्या पारितोषिकांच्या वेळी ते राष्ट्रीय, सामाजिक व पर्यावरणीय मूल्यांच्या एका संयुक्त शीर्षकात विलीन झाले. तो समारंभ ८ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला. 'पाणी' चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला तो त्यानंतर दहा दिवसांनी, १८ ऑक्टोबर रोजी. तोपर्यंत पारितोषिक जाहीर होऊन पाच वर्षे उलटली होती.