मुंबईतील तैलरंगी निसर्गचित्रण : माध्यम, हवामान आणि वृक्ष

पाश्चात्त्य वास्तववादी चित्रपद्धतीचा महाराष्ट्रातील आरंभ सर जे. जे. कलाशाळेच्या स्थापनेपासून, म्हणजे १८५७ पासून मानला जातो. या पद्धतीत तैलरंगाला मानाचे स्थान होते. तरीही मुंबईच्या चित्रकारांनी तैलरंग मुख्यतः व्यक्तिचित्रासाठी राखून ठेवला आणि निसर्गचित्रासाठी जलरंग पत्करला. या विभागणीची मीमांसा आपल्या कलेतिहासात फारशी झालेली नाही. ‘प्रोग्रेसिव्ह’ गटापाशी (१९४७) नव्या युगाची रेघ ओढली, की अलीकडचे सारे ‘ॲकॅडेमिक’ या एका शब्दात बसवले जाते.

तैलरंग हाताळण्याचे कौशल्य येथे नव्हते, असे म्हणता येणार नाही. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती कॅनव्हासवर तैलरंगातच केल्या. त्यांपैकी अनेक प्रतिकृती पुढे लंडनमधील १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. साधनांचीही अडचण नव्हती. धातूच्या नळीतील रंग १८४१ पासूनच प्रचारात आले होते. कारण अर्थकारणात शोधावे लागते. व्यक्तिचित्राला संस्थानिक आणि शेटजी हा निश्चित आश्रयदाता होता. निसर्गचित्राला मात्र बॉम्बे आर्ट सोसायटीसारख्या (१८८८) संस्थांच्या प्रदर्शनांखेरीज ठिकाण नव्हते. आयात रंगाचा खर्च अशा अनिश्चित विक्रीवर कोण करणार?

दुसरे कारण हवेचे. तैलरंग पाण्यासारखा उडून जात नाही. प्राणवायूशी संयोग होऊन हळूहळू घट्ट होतो आणि दमट, ढगाळ दिवसांत हा काळ लांबतो. भायखळ्याच्या राणीच्या बागेत किंवा परळच्या गिरण्यांच्या परिसरात ओला कॅनव्हास सांभाळत बसण्यापेक्षा जलरंगाचा कागद सोयीचा ठरतो.

मात्र जी हवा काम अवघड करते, तीच तैलरंगाला अनुकूल विषयही पुरवते. वातावरणीय यथादर्शनाचे तत्त्व असे, की अंतर वाढत जाते तसतसा छायाप्रकाशातील विरोध मावळतो व रंग निळसर-करडे होतात. मुंबईच्या बाष्पात ही क्रिया अगदी थोड्या अंतरावर घडते. पावसाळ्यात रस्त्यापलीकडचा वडसुद्धा धूसर दिसतो. तैलरंगात आकाश ओले असतानाच वृक्षाची कड त्यात मिसळून घेता येते. गडद छाया पातळ ठेवून उजेडाचा रंग शेवटी जाड लावायचा, पानांच्या राशीतून आकाशाचे कवडसे पुन्हा भरायचे आणि पान न पान रंगवण्याचा मोह टाळायचा, अशी ही रीत. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतील ओक-एल्मचे साचे येथे उपयोगी पडत नाहीत. वडाच्या पारंब्या आणि ताडामाडांचे शेंडे यांची धाटणीच निराळी.

जलरंगाची परंपरा मात्र भक्कमपणे वाढली. १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढणारे सा. ल. हळदणकर हे तिचे ठळक उदाहरण. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यात गेल्यावर मुंबईस आलेले वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे कला-संचालक झाले. त्यांच्या जाड, उजळ तैलरंगी निसर्गदृश्यांनी तरुण चित्रकारांपुढे दुसरा मार्ग ठेवला. त्या तरुणांत सय्यद हैदर रझा होते. मंडला जिल्ह्यातील जंगलांच्या सान्निध्यात वाढलेल्या रझांनीही मुंबईचे रस्ते, झाडे आणि पाऊस रंगवले ते बहुतांशी जलरंग व अपारदर्शक रंगांतच. त्यांचे तैलरंगी निसर्गचित्रण बहरले ते १९५० मध्ये फ्रान्सला गेल्यानंतर, कोरड्या हवेत.