योरोनाचा विलाप आणि इतिहास

मेक्सिकोत रात्री पाण्याकाठी आपल्या मुलांसाठी आक्रंदत फिरणारी श्वेतवस्त्रा ‘ला योरोना’, म्हणजे रडणारी, या नावाने ओळखली जाते. तिचा आवाज प्रत्यक्ष ऐकल्याचे सांगणारे आजही आहेत. त्या अनुभवांची शहानिशा करण्यापेक्षा या विलापाचा अर्थ कसकसा पालटत गेला, हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने नाहुआ सहकाऱ्यांच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या ‘फ्लोरेन्टाइन कोडेक्स’च्या बाराव्या खंडात स्पॅनिश आक्रमणापूर्वीचे आठ अपशकुन नोंदले आहेत. त्यांतील सहावा रात्री रडणाऱ्या स्त्रीचा. लेकरांना आता न्यावे तरी कुठे, हा तिचा शोक. अनेक अभ्यासक तिचे नाते सिवाकोआत्ल या देवीशी आणि पुढे योरोनाशी जोडतात. १५२१ मध्ये तेनोच्तित्लान पडल्यानंतर कित्येक वर्षांनी ही नोंद झाली. म्हणून ती भविष्यवाणी नसून पराभूतांनी मागाहून लावलेला पराभवाचा अर्थ असावा, हे मत मला पटते. येथे आई निरपराध आहे.

पुढे रूढ झालेल्या कथेत मात्र उच्चकुलीन प्रियकराने टाकलेली स्त्री स्वतःच मुलांना बुडवते. आक्रमकाचा अपराध असा आईच्या माथी आला! काहींनी तर तिला कोर्तेसची दुभाषी मालिन्त्सिन ठरवले. वास्तविक मालिन्त्सिनचा मुलगा मार्तिन जिवंत राहिला. १५२८ मध्ये कोर्तेसनेच त्याला स्पेनला नेले आणि पुढच्या वर्षी पोपकडून औरस ठरवून घेतले.